किती झाल्या?

पहिल्या दिवशी मी तालमीच्या चौकटीला कपाळ आपटूनच आत गेलो. जुन्या तालमींची दारं ठेंगणी असतात, भिंती दोन हात जाड आणि खिडक्या नावापुरत्या. घामानं निथळणाऱ्या अंगाला वारं लागू नये म्हणून. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की आतली दहा-बारा पोरं हसली आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेला म्हातारा हसला नाही. आबांनी मला त्यांच्या पाया पडायला लावलं. "वस्ताद, पोरगं तुमच्या पदरात टाकलं," आबा म्हणाले. वस्तादांनी माझं मनगट चाचपलं, बाजारात खोंडाचा पाय बघावा तसं, आणि विचारलं, "जेवतंय का बरं?"

२०१६ चा जून होता. मी बारा वर्षांचा. आमचं गाव पन्हाळ्याच्या बाजूला, कोल्हापूरपासून एसटीनं तासाभराच्या अंतरावर. तालमीचं नाव लिहीत नाही. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग ही नावं कुस्ती बघणाऱ्याला पाठ असतात. आमची तालीम तेवढी मोठी नाही. आणि पुढं जे सांगणार आहे त्यात लाज माझी आहे, तालमीची नाही.

मला वाटलं होतं, आठवड्यात चार डाव शिकू आणि गावच्या जत्रेत कुणाला तरी आपटू. पहिले तीन महिने हातात फावडं होतं. पहाटे चारला उठून कुस्तीचा हौदा खणायचा. रात्रभरात दबून बसलेली लाल माती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उलथायची, ढेकळं फोडायची, मग पायानं सारखी करायची. हाच खांद्या-कमरेचा व्यायाम, हे बारा वर्षांच्या पोराला सांगून पटत नाही. त्यानंतर मोठ्या पैलवानांच्या लढती. आम्ही बारकी पोरं भिंतीला टेकून बघायचो आणि कुणी बोट केलं की आत उतरायचो. उतरायचं ते पडायला. मोठा पैलवान एखादा डाव घोटत असेल तर त्याला वीस-पंचवीस वेळा टाकायला एक हलकं अंग लागतं. ते अंग माझं. एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडायचं, परत एकेरी पट, परत तेच. पडताना हनुवटी छातीला लावायची, हात टेकवायचा नाही, नाहीतर मनगट जातं. पण आधीच लोळायचं पण नाही. पुरता जोर लावून उभं राहायचं आणि त्यानं उचललं तरच पडायचं. समोरच्यानं खोटा जोर लावला तर डाव घोटणाऱ्याचा डाव खोटा बसतो, आणि ते त्याला कळतं भर मैदानात.

एक दिवस ढाक नावाचा डाव घोटणाऱ्या एका दादानं वस्तादांना सांगितलं, "ह्येला घेतो मी रोज. अंग चोरत न्हाई पोरगं." तालमीत मला मिळालेलं हे पहिलं बक्षीस. अजून एकही कुस्ती मारली नव्हती.

मी अंग चोरलं ते दुसरीकडं.

उंबऱ्यापाशी जर्मनचं एक भगुणं असायचं, त्यात गुळगुळीत खडे. बैठका मारायला उभं राहताना प्रत्येकानं त्यातले वीस खडे उचलायचे आणि पायाशी डाव्या बाजूला ठेवायचे. पंचवीस बैठका झाल्या की एक खडा उजवीकडं. वीसही खडे पलीकडं गेले की ५००. वस्ताद स्वतः कधीच मोजायचे नाहीत. ते खुर्चीवर बसून पेपर वाचत. पोरगं घाम निपटत समोर आलं की पेपर खाली न करता विचारत, "किती झाल्या?" आपण आकडा सांगायचा. ते म्हणत, "बरं." बस्स.

दुसऱ्या महिन्यात केव्हातरी माझा पाय दोन खडे एकदम ढकलायला शिकला. साडेतीनशेच्या पुढं मांड्या थरथरायला लागतात, जिन्याची एक पायरी उतरताना सुद्धा गुडघा दगा देतो. आणि कुणी बघत नसतं. मी साडेचारशे मारायचो आणि पाचशे सांगायचो. "बरं." हे दीडेक महिना चाललं. मग एका सकाळी माझ्याच वजनाच्या पोराशी मला लावलं. पाच-सहा मिनिटांनी माझे पाय आपोआप वाकले, त्यानं कब्जा घेतला आणि मला असं काही उलथं केलं की नाकातोंडात माती गेली. वस्ताद पेपर न हलवता म्हणाले, "पन्नास कमी पडल्या."

मला तिथंच घाम फुटला. त्या दिवसापासून खडे एकेकच सरकले. (वर्ष-दीड वर्षानं लक्षात आलं की हे वाक्य ते हरणाऱ्या प्रत्येक पोरालाच म्हणत. पण तोवर मांड्या भरल्या होत्या.)

खुराकाबद्दल लोक फार विचारतात, म्हणून सांगतो. आम्ही तालमीतच राहायचो, पाच-सहा जणांचा एक गट, एक शेगडी, पाळीनं स्वयंपाक. सकाळी मेहनत झाली की कुंडीत बदाम, बडीशेप, खसखस, मिरी वाटून थंडाई. हे वाटायचं काम परत बारक्यांचंच. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी समोर उभ्या करून धार काढतात, तिथून दूध यायचं. बुधवारी आणि रविवारी मटण. आबा महिन्याला जेवढे पाठवायचे त्यात बदाम दर महिन्याला थोडे कमी व्हायचे आणि शेंगदाणे थोडे वाढायचे. शेंगदाण्यानंही पैलवान होतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

कान २०१८ मध्ये मोडला. घासून घासून पाणी भरलं, डॉक्टरनं सुईनं काढलं, परत भरलं, शेवटी कान गड्ड्या कोबीसारखा झाला. मी आरशासमोरून हलेना. गावी गेलो की केस मुद्दाम कानामागं. वस्तादांनी दोन दिवस बघितलं आणि म्हणाले, "कान मोडला म्हणून पैलवान होत नसतंय लेका. आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचा पण मोडलाय."

त्याच वर्षी पहिल्यांदा मॅटवर उतरलो. आमच्या तालमीत तेव्हा मॅट नव्हती आणि मॅटवरच्या कुस्तीला वस्ताद "गादीवरचं लोळणं" म्हणायचे. मातीत खाली बसलं की दम घ्यायला मिळतो. पोटावर घट्ट पडून राहायचं, समोरचा दमेपर्यंत. मॅटवर खाली बसलो की समोरच्याला दोन गुण, मग त्यानं भिंगरीसारखं फिरवलं की प्रत्येक फेऱ्याला आणखी दोन. वर्तुळाबाहेर पाय गेला की एक गुण, आणि मातीत तर वर्तुळ कसलं ते माहीतच नव्हतं. आमच्या वयोगटाला दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या. मला पहिली फेरीसुद्धा संपवता आली नाही. १०-०, कुस्ती संपली. बूट दुसऱ्याचे होते, तेही सैल.

इथं मला वस्तादांचं पटत नाही आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ते दर वेळी खाशाबांचं नाव काढायचे, "खाशाबा जाधव मातीतनंच गेलता." गेले होते, बरोबर. गोळेश्वरच्या मातीतून, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून. पण १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकात ते सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते मधली चार वर्षं परक्या नियमांची कुस्ती समजून घेतली म्हणून. हे मी एकदा बोललो. वस्ताद गप्प बसले. दोन महिन्यांनी कुठल्याशा शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस मॅटवर सराव ठरला. माझ्या बोलण्यामुळं ठरला असं मी म्हणत नाही. पण ठरला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं. आमच्या तालमीत छातीएवढं. आम्ही गाद्या, गॅस, मारुतीची तसबीर आणि खड्यांचं भगुणं वरच्या माळ्यावर टाकून बाहेर पडलो. आठवड्यानं परत आलो तर हौद्यात काळा चिखल आणि कुणाची तरी चप्पल. वर्षानुवर्षं ताक-तेल पिऊन मुरलेली माती गेली. वस्तादांना मी तेव्हा पहिल्यांदा खुर्चीशिवाय बघितलं. हौद्याच्या काठावर उकिडवे बसून ते नुसते बघत होते.

हौदा नव्यानं भरणं हे काम पैलवानाच्या नशिबात क्वचित येतं. चिखल काढायलाच चार दिवस. मग दोन ट्रॉली लाल माती आली. ती वाळवायची, चाळायची, एक बारीक खडा राहता कामा नये, कारण तो कुणाच्या तरी पाठीत शिरणार. मग त्यात ताक, तेल, हळद, काव, कापूर आणि लिंबाचा रस. पायानं मळायचं, मुरू द्यायचं, परत मळायचं. हळद आणि लिंबामुळं खरचटलेलं चिघळत नाही असं म्हणतात. नवशिक्याला मात्र पहिल्या दिवशी ती माती जखमेत अशी झोंबते की डोळ्यांतून पाणी येतं. लिंबं मी एकट्यानं दोन पोती पिळली. हाताची सालं निघाली. पण नव्या हौद्यात पहिली लढत लावली तेव्हा माती हाताला अशी मऊ, गार लागली की कुणीतरी म्हणालं, "पडायला पण बरं वाटतंय रं."

लिंबांचं सांगायचं कारण पुढं आहे. त्या वर्षी शालेय स्पर्धेला मी ५५ किलोत नाव दिलं. वस्तादांचं म्हणणं होतं, ६० मध्ये लढ, तुझं अंग वाढतंय. मला वाटलं, खाली उतरलो की समोरची पोरं हलकी मिळतील. स्पर्धेच्या दोन दिवस आधी त्यांनी विचारलं, "किती?" माझं वजन ५७.४ होतं. मी सांगितलं, ५५.८. "बरं." मग दोन दिवस पाणी तोडलं, रेनकोट घालून पळालो, तोंडात लवंग धरून थुंकत बसलो. सकाळी काट्यावर उभा राहिलो: ५५.३००. पंचांनी नाव खोडलं. तीनशे ग्रॅम म्हणजे पाच-सहा लिंबं. ओठ फाटलेले, डोळे आत गेलेले, आणि लढतच नाही. पोरांनी असलं वजन तोडू नये, शरीर बसून जातं. हे मी आता सांगतो, तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. परत येताना वस्ताद एसटीत माझ्या शेजारी बसले आणि सबंध प्रवासात एवढंच म्हणाले, "खोटं बोलायचंच होतं तर काट्याशी बोलायचंस. माझ्याशी बोलून काय उपेग?"

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं. जत्रांचे दिवस तोंडावर आले होते. सगळी पोरं गावी गेली. आम्ही धरून होतो, पंधरा दिवसांत परत यायचं. भगुणं कुणीतरी उंबऱ्यातच ठेवून गेलं.

गावी लढायला जोड नाही, माती नाही, मटण नाही. आंब्याला दोर बांधून चढायचो, पोत्यात वाळू भरून ती खांद्यावर घेऊन बांधावरून पळायचो. गोठ्यामागं थोडी जागा खणून जोर मारायचो. खडे ओढ्यातून आणले. सकाळी आईबरोबर वैरण, दिवसभर ऊस भांगलायला. पहिले दोन महिने मी सगळं नेमानं केलं. रोज रात्री आठला वस्तादांचा फोन यायचा, त्यांच्या त्या बटणांच्या मोबाइलवरून.

"किती झाल्या?"

"सातशे."

"बरं." फोन बंद. दहा सेकंदांचं बोलणं. तब्येत कशी, आबा कसे, काही नाही. मला वाटतं ते यादी समोर घेऊन सगळ्या पोरांना ओळीनं लावत असावेत.

जूनच्या शेवटी काहीतरी तुटलं. पाऊस लागला होता, कुठली स्पर्धा होणार नाही हे कळलं होतं, माझा सतरा वर्षांखालचा गट असाच हातातून जाणार होता. सकाळी उठलो आणि परत झोपलो. दिवसभर छपरातून गळणारं पाणी बघत पडून राहिलो. रात्री आठला फोन वाजला. सातशे म्हणायला तोंड उघडलं. कोण बघणार होतं? एवढ्या लांबून काय पाठीतली माती दिसणार होती?

"आज एकही न्हाई, वस्ताद."

पलीकडं थोडा वेळ नुसती खरखर. मला वाटलं रेंज गेली.

"बरं," ते म्हणाले. आणि फोन ठेवला. नेहमीसारखाच.

मी बराच वेळ मोबाइलकडं बघत बसलो. मग बाहेर पडवीत गेलो, आणि आज्जी "झोप की आता" म्हणत असताना खडे मांडले. त्या रात्री किती मारल्या ते मोजलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या हिशेबात त्या धरल्या नाहीत.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मी सुधारलो, खरं बोलायला लागलो, वगैरे. पण तसं होत नसतं.

२०२० चा आणि २०२१ चा, दोन्ही हंगाम गेले. पैलवानाचं वर्षाचं उत्पन्न जत्रेच्या चार महिन्यांत असतं. ते दोनदा शून्य. काही पोरं कारखान्यात लागली, एक दोस्त गवंड्याच्या हाताखाली गेला आणि परत आलाच नाही. २०२२ च्या मार्चमध्ये निर्बंध सैल झाले आणि गावोगावी कुस्त्यांची मैदानं लागायला लागली तेव्हा आम्ही सगळे भुकेले होतो. माझी दुधाची उधारी पाच महिन्यांची.

एका गावच्या यात्रेत माझी जोड लागली. १०,००० चं इनाम, माझ्यासाठी तेव्हाचं सगळ्यात मोठं. समोरचा पैलवान माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, नावाजलेला. शाळेच्या मागच्या बाजूला लंगोट कसत असताना तो जवळ आला. "भावा, परवा माझी मोठी कुस्ती हाय. उगं मोडतोड नको. दमानं घेऊ, पंच सोडवतील बरोबरीत. निम्मं निम्मं."

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

सलामी झाली, खडाखडी झाली. पहिली चार मिनिटं मी खरा लढलो. एकदा दुहेरी पटाला घुसलो, त्यानं खाली दाबलं आणि माझ्यावर सवारी भरली. आता तो घिस्सा ओढणार, लंगोट धरून मला उलटवणार, म्हणून मी कोपर आवळलं. त्यानं ओढलाच नाही. नुसता वर बसून राहिला, हात इकडून तिकडं फिरवत. मी पण खाली नुसता पडून राहिलो, सुटायची धडपड केल्यासारखं करत. मग उठलो, परत खडाखडी, परत मान धरणं, परत खाली. अठरा मिनिटं.

लोकांना कळलं की नाही माहीत नाही. हलगीवाल्याला कळलं. कुस्ती रंगली की हलगी आपोआप चढत जाते. वाजवणारा हातानं नाही, डोळ्यांनी वाजवतो. सातव्या-आठव्या मिनिटाला ती चढायची थांबली. नंतर तर तो एका हातानं वाजवत होता आणि दुसऱ्या हातानं गमज्यानं तोंड पुसत होता. बाविसाव्या मिनिटाला पंचांनी दोघांचे हात वर केले. पाच हजार मला, पाच हजार त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याचे चुकते केले.

वस्ताद त्या मैदानाला नव्हते. त्यांना कुणी सांगितलं ते मी आजवर विचारलेलं नाही. तीन दिवसांनी मी बैठका मारून समोर उभा राहिलो तेव्हा त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. असं ते कधी करत नाहीत.

"परवाची किती झाली?"

"बावीस मिनिटं."

"खरी किती?"

तालीम भरलेली होती. दोरावरचं पोरगं तिथंच लोंबकळत थांबलं.

"चार," मी म्हणालो.

"मग चारचं पैसं ठेव. बाकीचं परत."

"कुणाला देऊ?"

"ज्याचं हाय त्येला. वर्गणी त्यांनी काढलीया, मी न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "खासबागेत बसलायस न्हवं कवा? १९१२ पासनं हाय ते मैदान. शाहू महाराजांनी असं बांधलंय की शेवटच्या पायरीवर बसल्याला पण खाली पाठ टेकली का न्हाई ते दिसतंय. तितं जमलं असतं का तुला हे?"

मी हिशेब केला. पाच हजारांचे बावीस भाग, त्यातले चार: ९०९ रुपये. नऊशे ठेवायचे, ४,१०० परत. पण ते दूधवाल्याकडं गेले होते. आबांना मागायची सोय नव्हती, त्यांना काय सांगणार? मी आठ-दहा दिवसांची सुट्टी काढली आणि गावी शेजारच्या गुऱ्हाळावर जळव्याच्या, म्हणजे जाळ सांभाळणाऱ्याच्या, हाताखाली राहिलो. चुलवाणात चिपाडं सारायची. समोर जाळ, वर काहील, एप्रिलचं ऊन. साडेचारशे रोज, नऊ दिवस, ४,०५०. वरचे पन्नास आज्जीनं दिले.

नवव्या रात्री, ९ एप्रिलला, गुऱ्हाळावर कुणाच्या तरी मोबाइलवर साताऱ्याची महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती चालली होती. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं गदा मारली. २१ वर्षांनी गदा कोल्हापुरात आली. गूळ शिजवणारा गुळव्या आधण सोडून नाचला, मालकानं सगळ्यांना गरम गुळाचा खडा दिला. आमच्या तालमीत फटाके वाजत असणार, सगळे मिरजकर तिकटीच्या चौकाकडं पळाले असणार. मी हातातलं चिपाड चुलीत सारलं. जवळपास माझ्याच वयाचा पैलवान तो.

पैसे द्यायला त्या गावी गेलो तर यात्रा कमिटीचे कारभारी ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बसलेले. मी कुस्ती ठरवून केली हे सांगायला गेलो होतो. तोंडातून एवढंच निघालं, "हे पैसे मैदानाचे आहेत. मला नकोत." त्यांनी माझ्याकडं बघितलं, नोटा मोजल्या, आणि पावती पुस्तक काढलं. मी काही म्हणायच्या आत पावती फाडून हातात: 'देणगी रु. ४,१००/-'. चहा पाजला. मी चहा पिऊन परत आलो. वस्तादांना पावती दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि उताणी करून मागचं पण बघितलं, तिथं काही लिहिलंय का म्हणून.

२०२३ ला त्याच गावचं आमंत्रण आलं. वस्ताद म्हणाले, मी पण येतो. जीपमध्ये आम्ही आठ पोरं आणि ते पुढं. मैदानात पोचलो तोवर खोबऱ्याच्या इनामावरच्या बारक्या पोरांच्या कुस्त्या चालल्या होत्या. आमचं नाव लागायला वेळ होता. तेवढ्यात लाउडस्पीकरवरून माझं नाव पुकारलं. "गेल्या वर्षी आपल्या इनामातली रक्कम यात्रेला अर्पण करणारे दानशूर पैलवान..." आणि मला हौद्याच्या मधोमध बोलावून फेटा, टॉवेल, नारळ. लोक टाळ्या वाजवतायत. हलगीवाला तोच, त्यानं एक जोरदार ठोका दिला आणि माझ्याकडं बघून भुवई उडवली. मी फेटा सावरत खाली मान घालून उभा. गर्दीत वस्ताद दिसले. तोंडावर उपरणं धरून त्यांचे खांदे हलत होते. सात वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच.

फेटा काढून माझी कुस्ती झाली. समोर सांगलीकडचा एक पैलवान, माझ्याहून आडदांड. कुणी काही कानात बोललं नाही. दुसऱ्या मिनिटाला मी त्याचा पट काढला, चौथ्याला जवळजवळ भारंदाज डाव बसला होता, तो निसटला. हलगी चढत गेली. सातव्या मिनिटाला मी दमलो, खाली सापडलो, त्यानं लंगोट धरून घिस्सा ओढला आणि आभाळ दिसलं. चितपट. इनाम त्याला, मला जाण्यायेण्याचा खर्च.

परतायला रात्र झाली. जीपपाशी वस्ताद उभे होते.

"किती झाली?"

"सात."

"सगळी?"

"सगळी."

"बरं." त्यांनी पुढचं दार उघडलं, सीटखालून एक रिकामं पोतं काढलं आणि माझ्या अंगावर फेकलं. "मागं बसताना सीटवर हे टाक. पाठीला माती हाय तुझ्या."